सहन होतंय हा आकडा नाही

"काकू, दहापैकी किती दुखतंय?"

रात्रीचे दोन-अडीच वाजले असतील. पित्ताशय काढून मला वॉर्डात आणल्याला बारा तास झाले होते. नर्स हातात कागद आणि पेन घेऊन खाटेशी उभी होती. वयाने माझ्या मुलीएवढी असेल.

"सहन होतंय," मी म्हटलं.

ती हलली नाही. "सहन होतंय हा आकडा नाही, काकू. मला इथे आकडा लिहायचाय."

मग मी डोळे मिटले आणि पोटात कुठे काय चाललंय ते एकदा नीट पाहिलं. बेंबीशी ओढ होती. उजव्या बरगडीखाली आतून कुणी मूठ आवळून धरल्यासारखं वाटत होतं. आणि खांदा. ऑपरेशन पोटाचं, पण सगळ्यात जास्त ठणकत होता तो उजवा खांदा, तो का ते कळत नव्हतं आणि त्याची भीती वाटत होती. हे सगळं मी तिला सांगितलं आणि म्हटलं, "सात."

तिने सात लिहिलं, डॉक्टरांना फोन केला, सलाईनमधून इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासाने परत येऊन पुन्हा तेच विचारलं. "चार," मी म्हटलं. मग मला झोप लागली. पन्नास वर्षांच्या आयुष्यात माझं दुखणं कुणी असं मोजून लिहून घेतलं नव्हतं. मीही कधी मोजलं नव्हतं.

हे सुरू झालं गणपतीत. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आमचं घर गुहागरला, खालचा पाट या भागात. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. गणपतीला घर भरलेलं असतं. सकाळपासून उकड मळून, मोदक वळून रात्री सगळ्यांचं झाल्यावर मी जेवायला बसले. मोदक फोडून त्यावर तूप घातल्याशिवाय खायचे नाहीत ही आमच्याकडची रीत. रात्री दोनला जाग आली ती पोटाच्या वरच्या भागात रेटा बसून. गॅसची कळ येते आणि जाते. हा रेटा आला आणि तिथेच थांबला. उजवीकडे सरकला, पाठीत फऱ्याखाली निघाला. बसून बरं नाही, आडवं होऊन बरं नाही. ओवा खाल्ला, लिंबू-सोडा घेतला, ओटीवर येरझाऱ्या घातल्या. पहाटे उतरला. सकाळी कुणी विचारलं तर म्हटलं, पित्त झालं होतं.

आपल्या भाषेत पित्त या एका शब्दात फार काही मावतं. छातीत जळजळलं की पित्त, डोकं चढलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. त्यामुळे पुढच्या दोन महिन्यांत हा रेटा आणखी तीन वेळा आला, तरी मी तो अंगावर काढला. दर वेळी आदल्या रात्री काहीतरी तुपातलं किंवा तळलेलं खाल्लेलं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही. दिवाळीत अनारसे तळल्यावर जो त्रास झाला त्यात मला घाम फुटला आणि उलटी झाली. तेव्हा ह्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी चिपळूणला सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे, पुष्कळ, सगळ्यात मोठा ११ मिलिमीटर.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशय ही त्याला खालून चिकटलेली छोटी पिशवी, ती फक्त पित्त साठवते आणि दाट करते. तेलकट-तुपकट खाल्लं की ती आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. पिशवीत खडे असले की आवळताना एखादा तोंडाशी अडकतो, तोच माझा रेटा. खडे गप्प बसलेले असते तर त्यांनी कापा म्हटलं नसतं. पण चार वेळा अडकले होते. एखादा निसटून पित्तनळीत गेला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज आली तर ते जिवावरही बेतू शकतं.

गावात बातमी पसरल्यावर कुळथाचं पाणी, पानफुटीची पानं, सगळं घरपोच आलं. माणसं जिव्हाळ्याने आणतात, नाही म्हणता येत नाही. पण हे उपाय लोक मूतखड्यावर करतात. मूतखडा लघवीच्या वाटेत असतो, लहान असला तर त्या वाटेने पडूनही जातो. पित्ताशयातल्या खड्याची वाटच वेगळी. तो नळीत उतरला तर संकट वाढतं. दोन्हीला आपण खडेच म्हणतो म्हणून हा घोळ होतो.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. ते केलं आणि २६ तारखेला मंगळवारी ऑपरेशन झालं. त्याआधी दोन दिवस हेदवीहून आई आली.

आईचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. १९८६ साली तिचंही पित्ताशय काढलं होतं. मी बारा वर्षांची होते. तेव्हा दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हा प्रकार आपल्या देशात आलाच नव्हता. भारतात तसं पहिलं ऑपरेशन १९९० मध्ये मुंबईला जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केलं, म्हणजे आईनंतर चार वर्षांनी. आईला उजव्या बरगडीखाली तिरका वीतभर छेद होता, अजून त्याची पांढरी रेघ आहे. वडिलांबरोबर मी भेटायला गेले होते. आईने मला बघून हसल्यासारखं केलं. तिचा एक हात खाटेच्या लोखंडी दांडीवर होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. "दुखतं का गो आई?" मी विचारलं, तर म्हणाली, "छे."

ती खोकायची नाही, कारण खोकलं की टाके ओढायचे. पूर्ण श्वास घ्यायची नाही. कूस बदलायची नाही. आणि तोंडातून ब्र काढायची नाही. पाचव्या दिवशी ताप भरला, छातीत कफ धरला, आणि दहा दिवसांत घरी यायची ती तीन आठवडे राहिली. घरी आल्यावर सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, काय सोसलंन बाई, एकदा हूं केलं नाही. ते कौतुक माझ्या कानात इतकी वर्षं होतं. बाळंतपणात, दाढ काढताना, पाय मुरगळला तेव्हा मी तेच करत आले.

खांद्याचं कोडं दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात आधी कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि कॅमेऱ्याला, हत्यारांना जागा मिळते. शेवटी तो बाहेर सोडतात, पण थोडा राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याखाली जाऊन बसतो. त्या पडद्याची नस निघते मानेतून, खांद्याची संवेदनाही तिथूनच जाते. मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. दोन-तीन दिवसांत शरीर तो वायू शोषून घेतं. डॉक्टर म्हणाले, "जितकं चालाल तितकं बरं वाटेल." मला रात्रभर वाटत होतं हे हृदयाचंच काहीतरी आहे, आणि मी ते कुणाला बोलले नव्हते. नर्सने आकडा मागितला नसता तर बोललेही नसते. छातीत दुखलं, दम लागला तर मात्र खांद्याचंच असेल म्हणून गप्प राहायचं नाही, ताबडतोब सांगायचं, हेही त्यांनी बजावलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला आई शेजारच्या स्टुलावर बसली होती. दुखणं कमी करायचं ते केवळ तुम्हाला सुख वाटावं म्हणून नाही, ते म्हणाले. दुखत असलं की माणूस वरवर श्वास घेतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग फुलत नाही, तिथे कफ साठतो, ताप येतो. दुखत असलं की माणूस उठत नाही. मग पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती, आतडी सुस्तावतात, पोट फुगतं. म्हणून गोळी वेळेवर घ्यायची आणि गोळीचा अंमल असताना चालायचं, खोकायचं, श्वास घ्यायचा.

आई काही बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

त्यांनी मला तीन चेंडूंचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की एकेका कप्प्यातला चेंडू वर जातो. पहिल्या दिवशी पहिला चेंडू वर जाऊन थरथरत राहिला आणि पडला. दुसरा जागचा हलला नाही. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा ओढलं, तर दुसरा उचलला गेला. तो फरक मी डोळ्यांनी पाहिला. दुखणं कमी झालं तेव्हाच छाती फुलली.

गुरुवारी घरी सोडलं. चिपळूण ते गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर. गाडीच्या पट्ट्यात आणि पोटात एक छोटी उशी धरा, असं नर्सने सांगितलं होतं, म्हणून आम्ही उशी नेली होती. मार्गताम्हाणे, शृंगारतळी, मोडकाआगर, इतकी वर्षं गेलेला रस्ता, पण त्यात किती खड्डे आहेत ते त्या दिवशी कळलं. निघायच्या आधी गोळी घेतली होती ती किती शहाणपणाची ते शृंगारतळीपर्यंत पटलं.

घरी भिंतीवर कालनिर्णय लटकतं. त्यावर आम्ही दुधाचा हिशोब आणि सिलेंडरची तारीख लिहितो. त्याच चौकोनात मी पेन्सिलीने सकाळ, दुपार, रात्र असे तीन आकडे लिहायला लागले. २८ तारखेच्या चौकोनात ६, ५, ६ आहे. पॅरासिटामॉल ६५० दर सहा तासांनी, दुखो न दुखो, घड्याळ बघून. सुजेची-वेदनेची दुसरी गोळी दोन वेळा, जेवणावर. सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी एक. दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही, कारण दुखणं एकदा वर चढलं की खाली यायला वेळ घेतं. पाचव्या दिवशी सुजेची गोळी बंद झाली, आठव्या दिवशी पॅरासिटामॉल फक्त रात्री. या गोळ्या माझ्या डॉक्टरांनी माझी तपासणी करून दिलेल्या. मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या व्रणाचा त्रास असलेल्यांना ती सुजेची गोळी चालत नाही, म्हणून माझा कागद बघून कुणी घेऊ नये.

एक चूक आमच्याकडून झाली. चौथ्या दिवशी मला सर्दी झाली. घरात नेहमीच्या सर्दीच्या गोळ्या होत्या, ह्यांनी दिली, मी घेतली, संध्याकाळी आणखी एक घेतली. रात्री मुलीचा पुण्याहून फोन आला. तिने पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचून दाखवायला लावलं. त्यातही पॅरासिटामॉल होतं, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम. म्हणजे माझ्या चार गोळ्यांचे २,६०० आणि हे १,००० वर. डॉक्टरांना लगेच फोन केला. मोठ्या माणसाने दिवसाला ४,००० च्या वर कधीच जायचं नाही, वजन कमी असेल किंवा यकृताचं काही असेल तर त्याहूनही कमी, नाहीतर यकृताला इजा होते. मर्यादेच्या आत होते म्हणून काळजीचं नव्हतं. पण नकळत हे असंच दोन-तीन औषधांतून होतं. त्या सर्दीच्या गोळ्या त्याच रात्री कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या.

आणि त्या सर्दीतली शिंक. ती मी विसरणार नाही. मी माजघरात पाठीला लोड लावून बसले होते, स्वयंपाकघरात आईने डाळीला फोडणी दिली आणि सुक्या मिरचीचा खाट थेट नाकात आला. शिंक येणार हे कळायला आणि ती यायला मधे दोन क्षण असतात. त्या दोन क्षणांत मी उशी ओढली, दोन्ही हातांनी पोटावर घट्ट दाबली, गुडघे थोडे वर घेतले. शिंक आली. बेंबीत टाचणी टोचावी तशी एक कळ गेली आणि थांबली. उशी नसताना दवाखान्यात एकदा खोकले होते, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. ती छोटी उशी पुढे तीन आठवडे माझ्याबरोबर घरभर फिरली. आई झाऱ्या हातात घेऊन दारात धावत आली होती. मी उशी धरून बसलेली बघून तिथेच थांबली. "आम्हाला कुणी उशी सांगितली नाही," एवढंच म्हणाली.

अंथरुणातून उठायचं तंत्रही शिकावं लागलं. सरळ उठून बसायचं नाही, पोटाचे स्नायू ओढले जातात. आधी गुडघे दुमडायचे, मग सगळं अंग ओंडक्यासारखं एका कुशीवर, मग पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरावर जोर देऊन वर यायचं. जमिनीवरची गादी या काळात नकोच. खाली पाटावर बसून जेवणंही तीन आठवडे बंद होतं. शौचाला उकिडवं बसलं की मांड्या पोटावर दाबल्या जातात, म्हणून शेजारच्या काकांची गुडघ्याच्या ऑपरेशनची प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली. चौथ्या दिवसापर्यंत पोट साफ झालेलं नव्हतं. वेदनेच्या कडक इंजेक्शनांनी आतडी सुस्तावतात, हे आधी सांगितलेलं असल्यामुळे घाबरले नाही. कोमट पाणी, पपई, रात्री इसबगोल. कुंथायचं मात्र नाही. या गोष्टी लोक बोलत नाहीत, पण घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात अर्धी काळजी हीच असते.

भेटायला येणारी माणसं म्हणायची, "दुर्बिणीतूनच ना? मग काय नाही. आमच्या अमकीने चौथ्या दिवशी भाकऱ्या थापल्या." हे ऐकलं की मला आपण उगाच कण्हतोय असं वाटायचं. म्हणून स्पष्ट लिहिते. बाहेरून दिसतात त्या चार चिरा, बेंबीशी आणि छातीच्या हाडाखाली सेंटिमीटरभर, उजवीकडे दोन त्याहून लहान. पण आत पिशवी यकृतापासून सोडवून काढलेली असते, नळी आणि रक्तवाहिनी क्लिपा लावून कापलेली असते. आतली जखम आईला होती तीच मला होती. फक्त पोटाची भिंत एवढी फाडावी लागली नाही. चौथ्या दिवशी भाकऱ्या थापणाऱ्या बाईने त्या कशा थापल्या ते तिला कुणी विचारलं नसणार.

जेवणाचं सांगायचं तर पहिले काही दिवस पेज, मऊ भात, मेतकूट, मुगाचं वरण, दुधीची भाजी. ओल्या नारळाशिवाय आमच्याकडे स्वयंपाक होत नाही. आईला बिनखोबऱ्याची भाजी करताना फार वाईट वाटायचं, ती दोनदा विचारायची, चिमूटभर घालू का. आता पिशवी काढली म्हणजे पित्त कधीच होणार नाही, असंही दोघी-तिघी म्हणाल्या. तसं नसतं. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने, तिचा या पिशवीशी संबंध नाही. आणि पित्त यकृतात तयार होतच राहतं, आता ते साठत नाही, थेंबथेंब सरळ आतड्यात उतरतं. म्हणून एका वेळी थोडं खावं, तूप-तेल हळूहळू वाढवावं. तिसऱ्या आठवड्यात शेजारी घावने आणि गोड नारळाचा रस होता, मी वाटीभर घेतला आणि तासाभरात धावत घरी आले. डॉक्टर म्हणाले, शरीराला सवय व्हायला काहींना काही आठवडे लागतात. महिन्याने तोच रस मी चार चमचे घेतला आणि काही झालं नाही.

सहाव्या दिवशी बेंबीच्या पट्टीवर पिवळसर ओल दिसली. फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी जाऊन दाखवून आले. पू नव्हता, स्राव होता. ताप, थंडी, वाढत जाणारं दुखणं, न थांबणारी उलटी, डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी आणि शौच पांढुरकं होणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की रविवार, निघून यायचं, असं सुट्टीच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद मी कालनिर्णयाच्याच खिळ्याला अडकवून ठेवला होता.

आणि चालणं. पहिल्या दिवशी ओटीपासून मागच्या दारापर्यंत, चार खेपा. मग विहिरीपर्यंत. चौथ्या दिवशी खांदा शांत झाला. सहाव्या दिवशी वाडीतून शेवटच्या माडापर्यंत गेले. सुपारीचे दिवस होते, खळ्यात सुपारी वाळत घातलेली, तिच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने. नवव्या दिवशी संध्याकाळी समुद्रावर. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पोटाला झटका बसतो, म्हणून भरतीच्या रेषेखाली ओल्या कडक वाळूवर उतरले. आई बरोबर होती. तिचे गुडघे गेलेले, तरी ती आली. सुरूच्या झाडांपासून शंभर पावलं दक्षिणेला, शंभर पावलं परत. चालताना मी आकडा बघितला, तर सापडायला वेळ लागला. त्या रात्रीच्या चौकोनात २ लिहिलेलं आहे. पंधराव्या दिवशी व्याडेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊन आले.

उचलणं मात्र सहा आठवडे बंद. पाच किलोच्या वर काही नाही, कारण बेंबीखालचा स्नायूचा थर भरून यायच्या आत ताण पडला तर तिथे हर्निया होऊ शकतो. पाच किलो म्हणजे किती, तर आमच्या हिशोबाने सोललेले आठ-नऊ नारळ. पाण्याने भरलेली कळशी त्याहून जड. ह्यांनी सगळ्या कळशा उचलून पडवीत उंच फळीवर ठेवल्या, म्हणजे माझा हात सवयीने जाऊ नये.

बाराव्या दिवशी काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट आला. जुनी सूज, बाकी काही नाही. खडे त्यांनी लहान बाटलीत घालून दिले होते. पिवळट-तपकिरी, भिजवलेल्या मुगापासून सुपारीच्या खांडापर्यंत. आईने बाटली उन्हात धरून बराच वेळ बघितली. तिला तिचे दाखवलेच नव्हते कुणी.

संक्रांतीला मी तिला हेदवीला सोडायला गेले. तोवर सात आठवडे झाले होते आणि माझ्या चौकोनात आकडे लिहायचं थांबलं होतं. ओटीवर बसून ती वाती वळत होती. उठताना तिने भिंतीला हात लावला आणि क्षणभर थांबली. मी ते थांबणं इतकी वर्षं बघत आले आहे.

"गुडघा दुखतोय?"

"चालायचंच गो. सहन होतंय."

"आई, दहापैकी किती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत खाली बसली, कापसाची पेळू हातात घेतली आणि एक वात वळून पूर्ण केली. ती ताटलीत ठेवली. दुसरी वळायला घेतली.

"जिना चढताना आठ," ती म्हणाली. "बसल्यावर पाच. रात्री सहा."

मी पर्समधून पेन काढला.